पक्ष्यांची तिकिटं देशानुसार लावू की पक्ष्यानुसार?

पिसारा:
नमस्कार मंडळी, तीनेक वर्षं पक्ष्यांची पोस्टाची तिकिटं जमवतेय, आता स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची वही) भरलं म्हणून अल्बम लावायला बसले तर गोंधळच, कारण काही देश त्यांच्याकडे कधी फिरकतही नाहीत अशा पक्ष्यांची तिकिटं काढतात. मला फक्त त्या त्या देशातले मूळचे पक्षीच ठेवायचेत. ते ओळखायचं कसं? आणि लावायचं देशानुसार की पक्ष्यांच्या कुळानुसार?

घुबडराव:
तिकिटावर बारीक अक्षरात शास्त्रीय नाव असेल तर ते बघा आणि पक्ष्यांच्या पुस्तकातल्या नकाशाशी ताडून घ्या, पण जुनं तिकीट असेल तर आताचं नाव वेगळं असू शकतं, तेवढं लक्षात ठेवा. लावायचं मात्र देशानुसारच, माझं ठाम मत. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने १८५४ मध्ये पहिलंच तिकीट काढलं त्यावर काळा हंस होता, तिथलाच पक्षी, तो बदकांच्या पानावर टाकला की त्याची सगळी गंमतच गेली. (स्वित्झर्लंडमधल्या बाझलचं १८४५ चं कबुतर त्याच्याही आधीचं, पण ते चोचीत पत्र धरलेलं, म्हणजे टपालाचं चिन्ह. मी ते तुमच्या विषयात धरणार नाही.)

टिटवी:
घुबडरावांशी सहमत. न्यूझीलंडचा १८९८ चा सेट बघा, त्यात किवी आहे, केआ आणि काका हे तिथले पोपट एकत्र आहेत आणि तीन पेनीच्या तिकिटावर हुइयाची जोडी. हुइयाच्या मादीची चोच लांब बाकदार आणि नराची आखूड, भिंगाखाली धरून बघा एकदा. तो पक्षी शेवटचा खात्रीने दिसला १९०७ मध्ये, म्हणजे तिकीट निघालं तेव्हा तो जिवंत होता आणि पुढच्या दहा वर्षांत संपला. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा ते पान बराच वेळ उलटवलंच नाही. आपल्याकडे १९८० मध्ये माळढोकचं तिकीट निघालं, आज तो किती थोडा उरलाय बघा. अशा तिकिटांसमोर मी साल लिहून ठेवते, पक्ष्याची तेव्हाची अवस्था पण.

चिमटा:
लावण्याआधी एक, पाकिटावरची तिकिटं ओढून काढू नका, कोमट पाण्यात सोडा, आपोआप सुटतात, मग उलटी ठेवून वाळवा. सेल्फ-ॲडहेसिव्ह (स्टिकरसारखी) बऱ्याचदा सुटत नाहीत, ती भोवती थोडा कागद ठेवून कापा. मिंट (न वापरलेलं) असेल तर पाणी नाहीच आणि हिंज (तिकीट चिकटवायची छोटी कागदी पट्टी) पण नको, मागचा गोंद खराब होतो. हाताने धरायचंच नाही, चिमट्याने.

पिसारा:
खूप खूप आभार! देशानुसारच लावते मग. भारताच्या पानावर १९७५ च्या सेटमधला नवरंग आणि हळद्या आहेत, शेजारी माळढोकसाठी जागा मोकळी ठेवलीये, ते तिकीट अजून मिळालेलं नाही. आणि टिटवीताई, समोर साल आणि अवस्था लिहायचं तुमचं मला फार आवडलं, पेन्सिलीने लिहिते, बदलली तर खोडता येईल.