पांतानालची आग आणि ‘पाऊस पडला की सगळं उगवतं’

पाणकावळा: परवा इथेच कुणीतरी लिहिलं, “ब्राझीलचं पांतानाल म्हणजे दलदल, दरवर्षी बुडते. २०२० च्या आगीचं एवढं काय? पाऊस पडला की सगळं उगवतं. १ कोटी ७० लाख प्राणी मेले, हा आकडा भंपक.” दोन दिवस गप्प बसलो. आता लिहितोच.

गवत उगवतं, कबूल. पण त्या वर्षी दुष्काळ एवढा की पूर नावापुरता आला. पाण्याखाली वर्षानुवर्षं साठलेला पाला, मुळं वाळली आणि आग जमिनीखालून धुमसत राहिली. वरून विझलेली दिसते, चार दिवसांनी पन्नास पावलांवर पुन्हा भडका. बिळात शिरून वाचायची सवय असलेला प्राणी बिळातच भाजतो. सुमारे ३९ हजार चौरस किलोमीटर जळालं, म्हणजे महाराष्ट्राचा आठवा हिस्सा. तिथला निळा मकाव पोपट घरटं करतो ते बहुतेक मांडुवीच्या ढोलीत, आणि तेवढी ढोली व्हायला झाड साठीचं व्हावं लागतं. त्याला सांगा, पाऊस पडलाय, उगव.

मोघम: ते ‘कुणीतरी’ मीच. नाव घ्यायला काय झालं? हा आकडा ज्यातून आला तो शोधनिबंध उघडून बघा. शे-सव्वाशे किलोमीटर चालले, ३०० च्या आसपास मेलेली जनावरं मोजली, गुणाकार केला, झाले १ कोटी ७० लाख! आमच्या सोसायटीचा खजिनदारही असाच हिशेब देतो. त्यातही निम्म्याहून जास्त बारीक साप. बातमीत फोटो मात्र पंजाला पट्टी बांधलेल्या जॅग्वारचा.

पाणकावळा: उघडलाय आणि पुरता वाचलाय. आग गेल्यावर एक-दोन दिवसांत सरळ रेषेत चालायचं, कलेवर रेषेपासून किती लांब ते मोजायचं, त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधायचा. हरणं मोजायलाही हीच रीत वापरतात, तेव्हा खजिनदार आठवत नाही वाटतं? बिळात मेलेले आणि नंतर उपाशी मेलेले यात नाहीतच. आणि साप बारीक म्हणून मोजायचे नाहीत?

गुराखी: मुळावर कुणी बोलतच नाही. गवत माजू दिलं की पेटणारच. ब्राझीलच्या तेव्हाच्या कृषिमंत्री तेरेझा क्रिस्टिना म्हणाल्या होत्या, बैल हा पांतानालचा बंबवाला. सगळे हसले. जॅग्वारसाठी राखलेलं एन्कोन्ट्रो दास आग्वास उद्यान ८५ टक्के जळालं, तेव्हा कुठे गेलं हसू?

राजस्थानातलं भरतपूरचं पक्षी अभयारण्य आठवा. १९८२ ला तिथे म्हशी चारणं बंद केलं, गोळीबारात माणसं मेली. आणि मिळालं काय? पाणगवत माजून तळी गुदमरली, पक्षी घटले. हे मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेच्याच अभ्यासात आहे, माझ्या पदरचं नाही. माझ्या आजोबांच्या ४० म्हशी होत्या. कुरण राखीव झालं, म्हशी विकल्या, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात सगळं कुरण वणव्यात गेलं. आजोबा ओट्यावर बसून बघत होते.

चिखलपाय: आजोबांचं वाईट वाटलं, खरंच. पण भरतपूर आणि पांतानाल एका दावणीला बांधू नका. भरतपूर २९ चौरस किलोमीटर, बांध घालून पाणी सोडलेलं. शिवाय पेरिगारा ही पांतानालमधली गुरांचीच मोठी वाडी, मकावांची रात्रीची वस्ती तिथे. तीही बहुतेक जळाली. बंबवाले रजेवर होते का? आणि काडी लावतं कोण? कुरण साफ करायला गुरंवालेच.

गुराखी: एसीत बसून गुरंवाल्यांना शिव्या घालणं सोपं असतं, ताई.

चिखलपाय: माहेर राजापूरचं आहे माझं. सड्यावरचा वणवा ओल्या डहाळ्यांनी झोडपलाय मी, भुवया जळेपर्यंत. सकाळी राखेत टिटवीची चार अंडी होती. शिजलेली. टिटवी तिथेच घिरट्या घालत ओरडत होती. एसीचं मला सांगू नका.

गुराखी: … बरं. ‘एसी’ मागे घेतो. आमच्याकडेही काडी लावतात, खोटं कशाला बोलू. पण बंदी आहे म्हणून चोरून, रात्री, ऐन उन्हाळ्यात. उघड परवानगी असती तर थंडीत दव असताना थोडं थोडं जाळलं असतं. ब्राझीलनेही २०२० च्या जुलैत १२० दिवस जाळण्यावर बंदी घातली होती. थांबली आग?

पाणकावळा: बंदीने आग थांबत नाही, मान्य. पहिल्यांदाच कामाचं बोललात.

मोघम: ‘सगळं उगवतं’ मधलं ‘सगळं’ मी मागे घेतो, मांडुवीपुरतं. गुणाकार अजून पटलेला नाही. आणि म्हशींसाठी वेगळा धागा काढा, इथे शेण झालंय.

गुराखी: काढतो. वाळलं की पेटतं, जपून.