मुलांच्या पुस्तकांवर खरं लिहायचंच नाही का?

गच्चीवरचं वाचनालय

एका पुस्तकप्रेमी काकांची पोस्ट काल फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. म्हणणं असं की मुलांच्या पुस्तकाचं परीक्षण म्हणजे पालकांना केलेली शिफारस. आवडलं तर चार ओळी लिहा, नाही आवडलं तर गप्प बसा, कारण मराठीत मुलांसाठी कोणी लिहितंय हेच पुष्कळ. वयोगट, भाषेची शुद्धता आणि बोध सांगितला की काम झालं. नमुना म्हणून तान्हा पोळ्यावरच्या (आमच्या विदर्भातला पोरांच्या लाकडी बैलांचा सण) एका नव्या चित्रपुस्तकाचं परीक्षणही जोडलंय: "गोष्ट छान, चित्रं सुंदर. वयोगट ५ ते १२. मात्र भाषा अशुद्ध आणि विषय विदर्भापुरता. तळटीपा हव्या होत्या."

रात्री झोप लागली नाही. कूलरची मोटर गेली होती हेही खरं, पण डोक्यात हेच.

५ ते १२! पाच वर्षांचं लेकरू जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडे बघतं, आणि बारा वर्षांची पोरगी मला विचारते, "मावशी, यात कोणी मरत नाही का?" या दोघांना एकच पुस्तक कसं द्यायचं?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात गच्चीवरच्या खोलीत मी ९ वर्षं पोरांसाठी वाचनालय चालवते. शनिवारी वीस-पंचवीस पोरं येतात. परीक्षणं वाचून मागवलेली किती पुस्तकं कपाटात कोरीच्या कोरी पडलीत, या एकदा बघायला. एकाला सगळ्यांनी "ओघवती भाषा" म्हटलं होतं. मोठ्यानं वाचायला घेतलं तर दुसऱ्याच पानावर सहा ओळींचं एक वाक्य, मलाच धाप लागली. एक पोरगा सरळ चटईवर आडवा झाला. परीक्षण लिहिणाऱ्यानं ते पान एकदा तरी मोठ्यानं वाचलं होतं का?

आता हेच तान्हा पोळ्याचं पुस्तक घ्या. रांगेत उभं असताना पोरीच्या लाकडी बैलाचं चाक निखळतं. ती रडली असं कुठंही लिहिलेलं नाही. चित्रात ती फ्रॉकची लेस चावताना दिसते, बस. पान उलटलं की चाक दुसऱ्याच कोणाच्या तरी दारात. मजकूर जे सांगत नाही ते चित्र सांगतंय. हे परीक्षणात यायला हवं की नको? आणि दोषही यायला हवा. सगळ्यात मोठं चित्र दोन पानांवर पसरलंय आणि नेमकं चाकच शिवणीत गेलंय. पोरं पुस्तक ताणून ताणून बघतात, पहिल्याच आठवड्यात पानं सुटली.

मोठ्यांच्या कादंबरीची तुम्ही सालं काढता. पोरांच्या पुस्तकाला मात्र "स्तुत्य उपक्रम". यात मला पोरांचं प्रेम दिसत नाही, त्यांना कमी लेखणं दिसतं.

सक्करदऱ्याचे गुरुजी

ताई, तुमची तळमळ मान्य. पण ३४ वर्षं शाळेत काढली म्हणून सांगतो. शाळेच्या वाचनालयाला पुस्तकं घेताना मुख्याध्यापक एक वाईट ओळ शोधत असतात, म्हणजे तो पैसा रंगरंगोटीला वळवता येतो. तुम्ही चाक शिवणीत गेलं म्हणाल आणि तिकडे अख्खी यादीच रद्द होईल. काकांचं गप्प बसणं अगदीच चुकीचं नाही.

भाषेच्या बाबतीत तर मी पूर्णपणे त्यांच्या बाजूनं आहे. त्या पुस्तकात "काऊन रडून राहिली बे?" असं छापलंय. आम्ही जन्मभर पोरांच्या वहीतलं "करून राहिलो" लाल पेनानं खोडलं, आणि आता तेच रंगीत पुस्तकात?

पोट्टा महालचा

गुरुजी, तुमी खोडत राहिले, आमी बोलून राहिलो. ३४ वर्षांत गेलं का जी?

ब्रशवाली

"चित्रं सुंदर." कोणाची? काकांच्या परीक्षणात नाव नाही आणि ताई, तुमच्या एवढ्या लांब पोस्टमध्येही नाही. मी चित्रं काढते. ३२ पानी पुस्तकात ओळी असतात चाळीस, बाकी सगळं आम्ही. एका प्रकाशकानं तीन महिन्यांच्या कामाचे पैसे दीड वर्षानं दिले आणि मुखपृष्ठावर लेखकाचंच नाव. विचारलं तर म्हणे "जागा नव्हती".

नागपूरची, सध्या पुण्यात

भाषेवरून बोलणार नव्हते, पण गुरुजींनी डिवचलं.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी "मी जेवून राहिली" म्हटलं आणि टेबलावरच्या पाच जणांना हसू आवरेना. वर्षभरात मी माझी भाषा घासून पुसून स्वच्छ केली. आता माझी मुलगी सात वर्षांची आहे. मागच्या उन्हाळ्यात आजीशी फोनवर बोलताना म्हणाली, "आजी, तू ना चुकीचं मराठी बोलतेस." आई दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "हो बाई, मी शिकलेली नाही नं." माझी आई बीए आहे.

पुस्तकातल्या एका तरी आजीनं माझ्या आईसारखं बोललेलं हवंय मला. त्याला तुम्ही अशुद्ध म्हणणार असाल तर म्हणा.

सक्करदऱ्याचे गुरुजी

भावना समजतो. पण पोरगं परीक्षेत तसं लिहून आलं तर मार्क कोण देणार? आजी देणार का?

खडूस मुद्रितशोधक

गुरुजी, मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, म्हणजे तुमच्याच पंथातला. पण ज्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांची तुम्ही आम्हाला शपथ घालता, त्यांतही पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला जागा आहे. निवेदनात "रडून राहिली" असेल तर वाद घालू. संवादात असेल तर तुमच्या लाल पेनाचं तिथं काम नाही. पुस्तक पाहिलंत का? निवेदन प्रमाण मराठीत आहे.

सक्करदऱ्याचे गुरुजी

पुस्तक पाहिलेलं नाही. काकांच्या परीक्षणावरून बोललो.

पोट्टा महालचा

😂😂 घ्या! म्हणजे परीक्षणानं पुस्तकाची अशी वाट लागते.

पुस्तकप्रेमी काका

तो काका मीच. माझ्यामागे माझीच चिरफाड चाललेली एका परिचितानं कळवली.

गेल्या चार वर्षांत मुलांच्या दोनशेहून अधिक पुस्तकांवर लिहिलं. एक रुपया घेतलेला नाही. वर्तमानपत्रांत बालसाहित्याला जागा उरली नाही, दिवाळी अंकांत वर्षातून एक लेख. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याचा वेगळा पुरस्कार देते. पुरस्कार मिळालेलं एक तरी पुस्तक इथं कोणी विकत घेतलंय का? अशा वाळवंटात मी चार ओळींचं पाणी घालतो, तर लोक विचारतात पाणी गाळलेलं आहे का.

प्रकाशक आपणहून पुस्तकं पाठवतात. टीका केली की पाठवणं बंद होतं, हा अनुभव आहे. मग मुलांपर्यंत काहीच पोहोचणार नाही.

आणि बोधाची एवढी ॲलर्जी का? साने गुरुजींनी बोध दिला नाही? 'श्यामची आई' पिढ्यांनी वाचलं ते संस्कारांसाठीच ना?

गच्चीवरचं वाचनालय

काका, तुम्हीच लिहिलंत: टीका केली की पुस्तकं येणं बंद होतं. मग ते परीक्षण झालं की पोचपावती?

दोन पोरांची माय

'श्यामची आई' मध्ये आणलंत म्हणून बोलते. तेच पुस्तक आज नवं आलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं, काका? श्याम पोहायला घाबरून लपतो आणि आई त्याला शिंपटीनं झोडते. श्याम पैसे चोरतो, तेही पुस्तकांसाठी. गरिबी, कर्ज, शेवटी आईचा मृत्यू. "वयोगट स्पष्ट नाही, मारहाणीचे उल्लेख टाळावेत, विषय कोकणापुरता, तळटीपा हव्यात." हेच ना?

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, तेव्हा कोकणाबाहेरच्या पोराला "शिंपटी" कळेल का याची कोणी चौकशी केली नसेल. माझ्या पोराला कळली. तीन पानांनी स्वतःच म्हणाला, "आई, ती काठीच असते ना?"

पोट्टा महालचा

बरोब्बर! आणि आमच्या "बोजारा"ले तळटीप पायजे! तान्ह्या पोळ्याले बैल घेऊन घरोघरी गेलो की पैसे भेटतात तो बोजारा. आमच्या पोट्ट्यानं पुस्तकात वाचला आणि पहिला प्रश्न केला, "बाबा, तुमाले किती भेटायचा?" अर्धा तास गप्पा झाल्या. तळटीप असती तर पाच सेकंदांत विषय संपला असता.

पुस्तकप्रेमी काका

आपण नागपूरचे आहात म्हणून. साताऱ्याच्या मुलाच्या घरी ही गप्पा कोण मारणार? मी मूळचा तिकडचाच. इथं येऊन २२ वर्षं झाली, तरी पहिल्या वर्षी तान्हा पोळ्याला निघणारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघून मी घाबरलो होतो हे आजही आठवतं. कोणीतरी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नागपूरची, सध्या पुण्यात

काका, म्हणजे तळटीप तुम्हाला हवी होती, मुलांना नाही. हे जरा मनाला लावून घेऊ नका, पण मला तुमचा रागच कमी झाला.

दीक्षाभूमीचा गाळेवाला

परीक्षणावर एवढं भांडता, मी गंमत सांगतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी दरवर्षी दीक्षाभूमीवर पुस्तकांचा गाळा लावतो. खेड्यातून आलेली बाई परीक्षण वाचून येत नाही. पुस्तक उचलते, पोराच्या हातात देते, "वाच बरं" म्हणते. पोरगं दोन ओळी वाचतं. अडखळलं की पुस्तक खाली. हसलं की पिशवीत. मग किंमत. शंभराच्या वर गेली की परत खाली.

कोणाच्याच परीक्षणात किंमत नसते. पानं किती, कागद कसला, टाके आहेत की नुसता गोंद, हेही नसतं. आमच्याकडे गोंदाचं पुस्तक मे महिन्यात उन्हात ठेवलं की पाठ सोडतं. हे आधी लिहा, मग बोध.

दोन पोरांची माय

भाऊ, लाख बोललात. वयोगटाबद्दलही तेच. 'प्रथम बुक्स' पुस्तकावर १ ते ४ अशी पातळी टाकतं. पोराला किती वाचता येतं त्यावरून ती ठरते, वाढदिवसावरून नाही. माझा मोठा नऊ वर्षांचा, पण अजून दुसऱ्या पातळीवर रेंगाळतो. "६ ते ८" छापलेलं पुस्तक हातात दिलं की दप्तरात लपवतो, कारण वर्गातली पोरं आकडा वाचतात. परीक्षणात "वय ६ ते ८" ऐवजी "छोटी वाक्यं, जोडाक्षरं कमी" एवढं लिहिलं असतं तर मी त्याला निवांत दिलं असतं.

दहावी ब

गुरुजी आणि काका दोघांनाही नमस्कार. आईच्या अकाउंटवरून लिहितोय.

लहान मुलांचं जाऊ द्या, आमच्यासाठी जी "कुमार कादंबरी" येते तिच्यावर कोणी खरं लिहीत नाही. प्रत्येकीत मुलगा मोबाईलच्या नादी लागलेला असतो, मग गावी जातो, तिथं आजोबा आणि झाड. शेवटी मोबाईल कपाटात. परीक्षणात लिहितात "आजच्या किशोरांचं भावविश्व". आमच्यापैकी एकानंही मोबाईल कपाटात ठेवलेला नाही.

शाळेत एक पुस्तक वाटलं होतं. त्यातला पंधरा वर्षांचा मुलगा मित्राला "अरे मित्रा" म्हणतो. मित्राला मित्रा कोण म्हणतं?

पोट्टा महालचा

कोणीच नाही बे.

सक्करदऱ्याचे गुरुजी

बाळा, अभ्यास कर. (मुद्दा मात्र बरोबर आहे. "अरे मित्रा" मीही कधी ऐकलेलं नाही.)

पुस्तकप्रेमी काका

ठीक आहे. पातळी, जोडाक्षरं, किंमत, बांधणी यापुढे लिहीन. "५ ते १२" प्रकाशकानं मागच्या पानावर छापलं होतं, मी उतरवून घेतलं, ही माझी चूक. भाषेला अशुद्ध म्हटलं ते मात्र मागे घेणार नाही. फार तर "बोलीभाषा" म्हणेन.

आणि वाईट पुस्तकावर लिहिणार नाही म्हणजे नाही. ते काम आपण करा. आपल्याला प्रकाशक पुस्तकं पाठवत नाहीत, गमावण्यासारखं काही नाही.

गच्चीवरचं वाचनालय

करते की. दर महिन्याला एक, पदरचे पैसे घालून आणलेलं, पोरांना वाचून दाखवून. पोरं कुठे आडवी झाली ते पान क्रमांकासकट लिहीन. तुम्ही शनिवारी पाच वाजता या, तुमच्या दोनशेपैकी कुठलंही एक मोठ्यानं वाचा. कूलर दुरुस्तीला टाकलाय, घाम फुटेल. पुस्तकानं फुटला की उन्हानं, ते पोरं सांगतील.

पुस्तकप्रेमी काका

येतो. तान्हा पोळ्याचंच आणतो. "बे" मात्र मी वाचणार नाही, तिथं दुसऱ्या कोणाला तरी बसवा.

पोट्टा महालचा

मी येतो न जी. "बे" माझ्याकडे.

ब्रशवाली

पंचवीस प्रतिक्रिया होत आल्या. चाक झालं, शिवण झाली, बोजारा झाला, गोंदसुद्धा झाला. चित्रकार कोण, ते अजून कोणीच लिहिलेलं नाही.

गच्चीवरचं वाचनालय

आत्ता उठून कपाटातून काढलं. मुखपृष्ठावर नाही, मागच्या पानावर नाही. आत आहे, बारीक अक्षरात, छापखान्याच्या पत्त्याच्या खाली. चष्मा आणते, थांब.