मदत हवी आहे: प्राण्यांच्या झाडात मुळाशी स्पंज की टेनोफोर?

प्राण्यांच्या उत्क्रांतीच्या झाडात सगळ्यांत आधी कोण वेगळं झालं, स्पंज की टेनोफोर (जेलीफिशसारखे दिसणारे सागरी प्राणी), हे शोधायचं आहे. प्रथिनक्रमांची मांडणी (अलाइनमेंट) तीच, पण झाडाचं मूळ सारखं जागा बदलतंय.

आयक्यू-ट्री या झाड बांधणाऱ्या प्रणालीत एलजी+जी हे अमिनो आम्लांच्या बदलांचं साधं मॉडेल लावलं की सगळ्यांत आधी टेनोफोर फुटतात, तेही पूर्ण बूटस्ट्रॅपसह (फांदीला मिळणारा सांख्यिकीय आधार). त्यांची फांदी भलतीच लांब आहे, त्यामुळे लांब फांद्या एकमेकींना ओढतात तो नेहमीचा दोष असावा असा संशय. फायलोबेज या दुसऱ्या प्रणालीत कॅट-जीटीआर (प्रत्येक स्थानाची वेगळी घडण धरणारं मॉडेल) लावून बाह्यगटात, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या प्राण्यांबाहेरच्या जीवांत, फक्त कोअॅनोफ्लॅजेलेट (प्राण्यांचे जवळचे एकपेशीय नातलग) ठेवले, तर स्पंज आधी येतात. बुरशी जोडली की पुन्हा टेनोफोर! शिवाय फायलोबेजच्या दोन स्वतंत्र साखळ्यांचा (नमुने घेत जाणाऱ्या धावांचा) मॅक्सडिफ, म्हणजे त्यांच्या निकालांतला सर्वांत मोठा फरक, 1 वरून हलत नाही. 0.3 च्या खाली आल्याशिवाय त्या झाडावर विसंबणं चूकच.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. साखळी अडकली असेल तर आधी काय कमी करावं, प्रजाती की स्थानं (मांडणीतले स्तंभ)? चारही स्पंज-वर्ग ठेवायचेच आहेत. कॅल्केरिया आणि होमोस्क्लेरोमॉर्फा गाळले तर स्पंजांचा गट एकसंध आहे का, हेच तपासता येत नाही. दुसरं, सी60 (स्थानांच्या 60 घडणींचं मिश्र मॉडेल) सोबत पीएमएसएफ (त्याची वेगवान, आधी एक मार्गदर्शक झाड लागणारी पद्धत) वापरताना ते झाड एलजीचंच दिलं, तर निकाल त्याच बाजूला कलतो का? तिसरं, डेहॉफच्या 6 गटांत (सारख्या गुणधर्मांच्या अमिनो आम्लांचे गट) अमिनो आम्लं बसवल्यावर रचनेतला असमतोल कमी होतो, पण माहितीही बरीच जाते. ते करावं का?

2023 मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या जोडण्यांवरून टेनोफोरांच्या बाजूने निष्कर्ष निघाला, तो माहीत आहे. इथे प्रश्न फक्त क्रमांच्या विश्लेषणाचा.