मदत हवी आहे: साडेतीन हजारांत मामांसाठी मऊ बर्बन (सांगली)

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, प्रश्न बिस्किटांचा नाही, बर्बन नावाच्या अमेरिकन व्हिस्कीचा आहे. घरी "बर्बन घ्यायचीय" म्हटल्यावर बायकोनं किराणाच्या यादीत दोन पुडे लिहून टाकले, म्हणून खुलासा.

माझे धाकटे मामा या महिनाअखेरीस निवृत्त होतायत. ३१ वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, फर्मेंटेशनला. उभी हयात मळीच्या वासात गेली. पिणं मोजकं. शनिवारी रात्री दोन पेग रम, साध्या पाण्यातून, सोबत भडंग. तिसरा पेग आम्ही कधी बघितला नाही. व्हिस्कीला मात्र कायम नावं ठेवली. "आपल्याकडची स्वस्त व्हिस्की म्हणजे आमच्याच टाकीतलं स्पिरिट, वर रंग आणि वास. ते मी पगार घेऊन बघतो, पैसे देऊन कशाला पिऊ?"

गेल्या दिवाळीत मामेबहिणीचे मिस्टर अमेरिकेतून आले. त्यांनी मेकर्स मार्क नावाची बर्बन आणली होती, ती लाल लाखेनं तोंड बंद केलेली बाटली. मामांनी पहिला घोट घेतला, ग्लास नाकाशी नेला, परत घेतला. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "घशाला काहीच म्हणत नाही रे ही. आणि गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला जो करपल्याचा वास येतो ना, तो आहे हिच्यात." कशाची करतात विचारलं, तर जावई म्हणाले मक्याची. मामा उडालेच. "मका? तो आपण कोंबड्यांना घालतो!"

तेव्हापासून तीनदा तरी त्यांनी हा विषय काढलाय. मागणार कधीच नाहीत, पण विषय काढतात.

आम्ही तिघा भाच्यांनी वर्गणी काढून त्यांना एक खंबा द्यायचं ठरवलंय. बजेट साडेतीन हजार, तेही ओढूनताणून. मेकर्स मार्क त्यात बसत नाही, विचारून आलो. विश्रामबागेतल्या एका दुकानात जॅक डॅनियल्स पुढं करून "हीच बर्बन, डोळे झाकून घ्या" म्हणाले. दुसरीकडं जिम बीम आहे म्हणाले आणि काढून दाखवली ती मधाची. एक मित्र गोव्याहून आणतो म्हणतोय.

अडचण अशी की मामा डिस्टिलरीतला माणूस. नुसती भारी दिसणारी बाटली देऊन भागणार नाही, ते लेबल वाचतात. घशाला न लागणारी आणि तरी चवीला पाणचट नसणारी अशी कुठली घेऊ? आणि हा मऊपणा नेमका कशानं येतो? जुनेपणानं, किमतीनं, की आणखी कशानं? जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

भडंगप्रेमी

———

वारणाकाठ:
किमतीनं येत नाही, एवढं नक्की. बाकी जाणकार येतीलच. तोवर पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मक्याचेच.

सात्त्विक सांगलीकर:
निवृत्तीला माणूस देवाला जातो. तुम्ही बाटली देताय. चालू द्या.

भडंगप्रेमी:
गणपतीला अभिषेक आधीच सांगून ठेवलाय. मामींनी.

परतलेला मिरजकर:
केंटकीत नऊ वर्षं काढली (नोकरीसाठी, दारूसाठी नव्हे), म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, मामांचा व्हिस्कीवरचा जुना आक्षेप बर्बनला लागूच होत नाही. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे धान्यात किमान ५१ टक्के मका पाहिजे, आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवली पाहिजे, आणि पाण्याखेरीज वरून काहीही घालायचं नाही. रंगसुद्धा नाही. बाटलीत दिसतो तो सगळा रंग लाकडाचा. केंटकीतच बनली पाहिजे असंही नाही, अमेरिकेत कुठंही चालते. १९६४ साली तिथल्या काँग्रेसनं ठराव करून ती 'अमेरिकेचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन' असल्याचं जाहीर केलं.

मामांच्या नाकाला मात्र मानलं. पिंप आतून जाळतात तेव्हा लाकडातली साखर करपते. काहिलीच्या कडेला जे होतं तेच. व्हॅनिलाचा वासही तिथूनच येतो, ओकमधलं लिग्निन (लाकडाचाच एक घटक) तापून फुटतं त्यातून. पिंप नवं लागत असल्यामुळं बर्बनला ते एकदाच वापरता येतं. मग ती रिकामी पिंपं स्कॉटलंडला जातात आणि तिथले लोक त्यांत स्कॉच मुरवतात.

आता मऊपणा. मका गोडवा देतो, पण उरलेल्या धान्यात काय आहे त्यावर घशाचं ठरतं. बहुतेक बर्बनमध्ये राय (गव्हासारखं एक धान्य) असते, तिचा मिरी-लवंगेसारखा झणका येतो. मेकर्स मार्कमध्ये राय नाहीच. मका ७०, गहू १६ आणि सातूचं माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) १४ टक्के. म्हणजे मामांनी कौतुक मक्याचं केलं, पण घसा सांभाळला तो गव्हानं. वाईट बातमी अशी की आपल्याकडच्या दुकानात गव्हाची दुसरी कुठली बर्बन मिळेल अशी आशा ठेवू नका.

जुनेपणाच्या मागं लागू नका. नवं लाकूड जोरात उतरतं, त्यामुळं फार वर्षं ठेवली की तुरट, कडवट व्हायला लागते. स्कॉचचा १२-१८ वर्षांचा हिशोब इथं लावायचा नाही.

तुमच्या बजेटात माझं मत जिम बीम व्हाइट. चार वर्षं मुरलेली, ४० टक्के अल्कोहोल. राय आहे, पण अंगावर येणारी नाही. चवीत भाजक्या शेंगदाण्याची छटा असते, म्हणजे भडंगाशी गोत्र जुळतंच. तिचीच ब्लॅक, जास्त मुरलेली, जरा ताणून बसत असेल तर डोळे झाकून ब्लॅक घ्या. मधाची, सफरचंदाची वगैरे अजिबात घेऊ नका. वरून चव घातली की ती बर्बन राहत नाही, आणि लेबल वाचणाऱ्या माणसाला ते पहिल्या मिनिटात कळेल.

लेबलवर 'स्ट्रेट' शब्द शोधा. याचा अर्थ किमान दोन वर्षं मुरलेली. चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापावंच लागतं. म्हणजे 'स्ट्रेट' आहे आणि वय छापलेलं नाही, तर ती चार वर्षांच्या खाली नाही. मामांना हे कोडं घाला, खूश होतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं पाणी. मेकर्स मार्क ४५ टक्क्यांची असते. ६० मिलीच्या पेगात साडेसात मिली, म्हणजे दीड चहाचा चमचा पाणी घातलं की ती ४० वर येते. जिम बीम व्हाइट मुळातच ४० वर आहे. तिच्यात मामांनी रमच्या सवयीनं अर्धा ग्लास पाणी ओतलं, तर पाणचट लागणार आणि बोल तुम्हाला बसणार. आधी नुसती, मग चमच्यानं मोजून. पाणी बोअरचं नको. केंटकीतले लोक चुनखडीतून गाळून आलेल्या, लोह नसलेल्या पाण्याचं कौतुक करून दमत नाहीत. आपल्या जड पाण्यात ती बिचारी काय करणार?

आंबोलीमार्गे:
मित्राला गोव्याहून आणू देऊ नका. तिथली बाटली महाराष्ट्रात आणायला वाहतूक परवाना लागतो. आंबोलीला किंवा गगनबावड्याला राज्य उत्पादन शुल्कवाल्यांनी डिकी उघडायला लावली तर हजार रुपये वाचवायच्या नादात गाडी अडकायची. स्वानुभव नाही, शेजाऱ्याचा अनुभव आहे (सगळे असंच म्हणतात). कुणाच्या ओळखीनं मिलिटरी कँटीनची बाटली विकत घेणं हेही बेकायदाच, आपल्या भागात सर्रास चालतं म्हणून सांगतो. सरळ मार्ग म्हणजे परदेशातून येणाऱ्या प्रौढाला दोन लिटरपर्यंत आणता येते. पुढच्या खेपेला जावयांना सांगून ठेवा.

आणि परवाना. महाराष्ट्रात प्यायलाही लागतो, २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. मामांनी आजन्म परवाना काढला नसेल तर तोच निवृत्तीची भेट म्हणून द्या, बाटलीपेक्षा जास्त टिकेल.

तासगावचा बेदाणा:
जॅकला उगाच झोडपू नका भावा. दुकानदार अगदीच थापाड्या नाही. जॅकमध्ये ८० टक्के मका असतो, पिंपही नवं जाळलेलंच. फरक एवढा की पिंपात भरायच्या आधी साखरी मेपलच्या कोळशाच्या उंच थरातून थेंबथेंब गाळतात. ते स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवतात, बर्बन नाही. मऊ म्हणाल तर लई मऊ. मी दहा वर्षं तीच घेतोय.

परतलेला मिरजकर:
मान्य, पण दहा वर्षं कशात घालून घेताय?

तासगावचा बेदाणा:
कोकमध्ये.

परतलेला मिरजकर:
बरं.

पेठेतला:
आपल्या मातीतलं काही नको का? गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स बघा. बर्बनच्या पिंपात मुरवलेली सिंगल माल्ट.

परतलेला मिरजकर:
व्हिस्की म्हणून उत्तम, माझ्या कपाटात आहे. पण ती सातूची आणि पिंप एकदा वापरून झालेलं. लेबलवर 'बर्बन कास्क' दिसलं म्हणजे आत बर्बन नव्हे. लोणच्याच्या बरणीत ठेवलेलं मीठ लोणचं होत नाही. मामांना काहिलीचा वास हवाय, तो नव्या लाकडात सापडेल.

वारणाकाठ:
भावाचं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रानं बर्बनवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं ना? मग उतरला असेल.

आंबोलीमार्गे:
केंद्रानं उतरवलं, आणि जूनमध्ये राज्यानं देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. दुकानदार सोयीनं दोन्हींपैकी एकाचा हवाला देतो. छापील एमआरपी बघायची आणि तेवढेच द्यायचे. 'थंड करून दिली' म्हणून वीस रुपये जास्त मागणारेही आहेत. बर्बन थंड कशाला करायची, देव जाणे.

भडंगप्रेमी:
सगळ्यांचे आभार. गोवा रद्द. मध रद्द. काल मामांकडं जाऊन आडून आडून चाचपणी केली, 'बर्बन कशी बनते माहितीय का' म्हणून. त्यांनी उलट मलाच एक प्रश्न घातला, तो मिरजकरांसाठी आणलाय. बाटलीवर 'सोअर मॅश' लिहिलेलं त्यांना आठवतंय. ते काय, नासलेलं का?

परतलेला मिरजकर:
नासलेलं नाही. आधीच्या बॅचचं ऊर्ध्वपातन झाल्यावर उरलेलं आंबट पाणी थोडं पुढच्या टाकीत घालतात. आम्लता वाढते, नको ते जंतू वाढत नाहीत, यीस्टला बरं पडतं. मामांच्या भाषेत स्पेंट वॉश.

भडंगप्रेमी:
हे वाचून दाखवलं. मामा ताडकन उठून बसले. "म्हणजे आम्ही ३१ वर्षं ज्याच्यापायी प्रदूषण मंडळाच्या नोटिसा वाचल्या, ते ही माणसं लेबलवर छापतात?"

(चार दिवसांनी)

भडंगप्रेमी:
अपडेट. गणपती पेठेच्या बाजूला एका दुकानात जिम बीम ब्लॅक मिळाली. बजेटच्या थोडी वर गेली, तो फरक धाकट्या भावानं सोसला आणि तेव्हापासून दिवसातून एकदा आठवण करून देतो.

काल रात्री गच्चीवर बसलो. मामांनी आधी चष्मा लावून लेबल वाचलं. 'स्ट्रेट'चं कोडं मी घातलं, ते त्यांना सुटलं नाही, उत्तर सांगितल्यावर "हे बरंय, न छापून छापलं" म्हणाले. पहिला घोट नुसता घेतला आणि तोंड जरा वाकडं केलं. मला वाटलं बुडालो. मामींनी स्वयंपाकघरातून चहाचा चमचा आणून दिला, फिल्टरचं पाणी, मोजून एक चमचा. मग ग्लास तसाच हातात धरून दोन मिनिटं बसले. दुसरा घोट. "दिवाळीची जरा जास्त मऊ होती. हिला कड आहे. पण वास तोच." आणि भडंगातले शेंगदाणे वेचून खायला लागले, म्हणजे मिरजकरांचं ते शेंगदाण्याचं गणित बरोबर निघालं.

दोन पेग झाले. तिसरा नाही. बाटली आतल्या कपाटात गेली, कुलपासकट. आम्हा तिघांना अर्धा-अर्धा पेग मिळाला, तोही भीक घातल्यासारखा.

झोपायला जाताना विचारून गेले, ते इथं विचारतो. पुढच्या टाकीत घालून उरलेला चोथा आणि पाणी केंटकीवाले टाकतात कुठं?

परतलेला मिरजकर:
चोथा वाळवून गुरांना घालतात. मक्याचाच तो, खातात आवडीनं.

भडंगप्रेमी:
सांगितलं. मामा म्हणाले, "कोंबड्या काय, गाई काय, मका शेवटी गोठ्यातच गेला ना? मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."