क्रिकेट संघाची नवी वेबसाइट: नेमसर्व्हर बदलायचे का?

प्रेषक: चिटणीस, क्रीडा समिती

नमस्कार मंडळी,

नवी वेबसाइट एप्रिलात सीझन सुरू व्हायच्या आत लावायची आहे. मुखपृष्ठावरचे सरकते फोटो काढूया. मैदानाकडे निघालेल्या माणसाला मोबाइल उघडताच पुढचा सामना, वेळ, पोस्टकोड आणि पावसामुळे रद्द आहे का, एवढं दिसलं की पुरे. रद्दची ओळ कर्णधाराला मैदानावरून फोनवरच बदलता आली पाहिजे, नाहीतर ती बदलली जाणारच नाही. धावफलक प्ले-क्रिकेटवर (इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाच्या साइटवर) भरला जातोच. इथे फक्त त्याची लिंक.

चाचणी-प्रत तयार आहे. रविवारी नेमसर्व्हर (आपल्या डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलू का?

---

प्रेषक: वेबसाइट सांभाळणारा सभासद

ताई, नेमसर्व्हरला हात लावू नका. ते बदलले की जुन्या ठिकाणच्या एमएक्स (मेल कुठे पोचवायची) आणि एसपीएफ (आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतं) या नोंदी आपोआप पुढे येत नाहीत. साइट झकास दिसते, पण वर्गणीच्या मेल पोचेनाशा होतात आणि ते लवकर लक्षातही येत नाही. फक्त ए नोंद, म्हणजे साइट कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणारी, बदलू. टीटीएल (इतर सर्व्हर जुनी नोंद किती वेळ धरून ठेवतात तो काळ) ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, असेल तर निदान एक दिवस आधी ३०० वर आणायचा. एएएए नोंद (तेच काम आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीसाठी करणारी) असेल तर तीही बदलायची. ती राहिली की आयपीव्ही६ वरच्या लोकांना जुनीच साइट दिसत राहते. आणि रविवार नको, त्या दिवशी सगळे वेळ बघायला येतात. मंगळवारी रात्री करू, जुनं होस्टिंग महिनाभर चालू ठेवून.

छापलेल्या पत्रकांवरचे क्यूआर कोड जुन्या पत्त्यांवर जातात, म्हणून त्या प्रत्येक पत्त्याला ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे कायमचं वळण) हवा. सगळं मुखपृष्ठावर वळवून भागणार नाही. वेळापत्रकाचा पत्ता वेळापत्रकावरच गेला पाहिजे.

कॅलेंडर फाइलही तपासा. संध्याकाळी साडेसहाचा सराव यूटीसीत (उन्हाळ्यातही न बदलणाऱ्या जागतिक वेळेत) साठवला असेल, तर मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे गेली की तो साडेसातला दिसेल. टाइमझोन ‘युरोप/लंडन’ ठेवा.

---

प्रेषक: मजकूर व फोटो

दादांच्या यादीत दोन गोष्टी घाला. नव्या थीममध्ये शीर्षकांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) आहे. इंग्रजीत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते. ते शून्य करा, ओळींमधलं अंतर १.६ ठेवा, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. पानाची भाषा ‘एमआर’ (मराठीचा कोड) लावलीत तर नोटो सान्स फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

फोटो १६०० पिक्सेल रुंदीचे, वेबपी स्वरूपात. आयफोनचे एचईआयसी फोटो जसेच्या तसे चढवले तर क्रोममध्ये दिसत नाहीत. ज्युनियर संघाच्या फोटोंतून एक्झिफ माहिती (फोटोच्या फाइलमध्ये लपलेली नोंद) काढल्याशिवाय एकही फोटो चढवायचा नाही, कारण तिच्यात जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. पालकांची लेखी संमती आणि फोटोखाली मुलांची नावं नाहीत, हे दोन्ही मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

प्रेषक: चिटणीस, क्रीडा समिती

ठरलं, मंगळवार रात्र. टीटीएल सोमवारी सकाळीच खाली आणते. जुन्या पत्त्यांची यादी शुक्रवारपर्यंत पाठवते. घरी जुनी पत्रकं असतील त्यांनी क्यूआर कोडचा फोटो इथे टाका.