‘निरोधक’ की ‘आवरक’? पुरुष-वंध्यत्वाच्या पत्रकातला एक शब्द

प्रश्न (जळगाव): मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. ‘प्रोटिएज इनहिबिटर’ला (प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, रोखणारे पदार्थ) ‘प्रथिनभेदक विकरांचे निरोधक’ लिहिलं. मसुदा वाचून दाखवताना यावलकडचे एक केळीवाले शेतकरी तिथेच अडले. बायकोकडे पाहून हळूच म्हणाले, “ताई, आम्हाले पोरगं पाहिजे, निरोध कशाले?” मान खाली गेली होती त्यांची. तेव्हापासून हा शब्द खुपतोय.

उत्तर (धुळे): ताई, त्या दादांचं बरोबर आहे. १९६८पासून सरकारी ‘निरोध’ कंडोम गावोगाव पोचला. योगातला चित्तवृत्तिनिरोध कुणाला आठवणार? शिवाय इथलं काम उलटं आहे. वीर्य बाहेर पडल्यावर आधी थिजतं आणि साधारण १५ ते ३० मिनिटांत पातळ होतं, कारण विकरं सेमेनोजेलिन या प्रथिनाचे तुकडे करतात. शुक्राणूच्या टोपीतही ॲक्रोसिन हे असंच विकर असतं. ही विकरं हवीतच, पण भलत्या वेळी सुटली तर घरच पोखरतील. त्यांना आवरणाऱ्या प्रथिनांपैकी प्रोटीन सी इनहिबिटर हे एक सर्पिन. (सर्पाशी संबंध नाही, ‘सेरीन प्रोटिएज इनहिबिटर’ची ती आद्याक्षरं.) त्याचं जनुक निकामी केलेले नर उंदीर वंध्य निघाल्याचं २००० साली प्रसिद्ध झालं, वृषणात वाढत्या शुक्राणूंना जपणाऱ्या सर्टोली पेशींचा अडसर मोडला होता. म्हणून मी ‘आवरक’ म्हणेन. पांझरा नदीच्या फडातला (सामायिक पाटपाण्याच्या शेतातला) पाटकरी पाणी आवरतो म्हणूनच प्रत्येकाचं बारं, म्हणजे पाण्याची पाळी, वेळेवर होतं.

उत्तर (शहादा): भाव पटला, शब्द नाही. ‘आवरक’ म्हणजे संस्कृतात झाकणारा. वाचणाऱ्याला आवरण आठवेल. ‘निरोधक’ मात्र काढाच. शुक्राणूच्या अंगावर बसणारं एपिन हे प्रथिन घ्या, तेही विकरांना आवरण्याच्याच कामातलं. २००४च्या प्रयोगात नर माकडांना एपिनविरुद्ध लस टोचली. नऊपैकी सात जणांत प्रतिपिंडं भरपूर झाली आणि ते सातही वंध्य ठरले. टोचणं थांबवल्यावर पाच पुन्हा फळले. म्हणजे निरोधकाला रोखलं, तेव्हा निरोध झाला! हे वाक्य पत्रकात कोण समजून घेईल?

प्रश्नकर्ती: दोघांचंही घेते. पहिल्यांदा ‘विकरांना वेळेपर्यंत आवर घालणारी प्रथिनं’ असं पूर्ण लिहीन, पुढे ‘आवर-प्रथिनं’. सर्पिन, एपिन ही नावं तशीच. छपाईआधी त्या दादांना पुन्हा वाचून दाखवते.