मदत हवी आहे: जुन्या ब्रिटिश रेसिंग सायकलची फ्रेम, नक्की कुणाच्या हातची?

नमस्कार मंडळी,

मी लीड्समध्ये राहतो. शेजारच्या आजी (वय ८८, स्वभाव कडक, चहा त्याहून कडक) गॅरेज रिकामं करतायत. गेल्या महिन्यात कुंपणापलीकडून हाक मारून म्हणाल्या, "तुला सायकलींचं वेड आहे ना? मग हे घेऊन जा, नाहीतर मंगळवारी भंगारात जाईल." 'हे' म्हणजे एक फ्रेम, एक चिमटा (पुढचं चाक धरणारा) आणि त्यावर कोळ्यांचा सहकुटुंब मुक्काम. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही.

आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. तरुणपणी ते रेस मारायचे. आजींची अट एकच: "ही त्यांची रेसची सायकल आहे का आणि कुणी बनवली, एवढं मला सांग. ते 'लंडनची, लंडनची' म्हणायचे. मी कधी लक्ष दिलं नाही."

मी सांगलीत रुपयाला तास अशी भाड्याची सायकल हाणत मोठा झालेला माणूस. पंक्चर काढता येतं, बेअरिंगचे छर्रे बदलता येतात, पण ब्रिटिश फ्रेमची कुळी काढणं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून हा धागा. आतापर्यंत जे पाहिलंय ते सगळं लिहितो, थोडं लांबेल.

सध्याचा रंग गडद निळा. खालच्या दांडीवर क्लॉड बटलरचं स्टिकर आहे, तेही जरा तिरकं लावलेलं. पहिल्या दिवशी मी खूश! लंडनचा नामवंत सायकल-कारागीर, म्हणजे आजोबांचं 'लंडनची' जुळलं. मग वाचायला बसलो आणि आनंद ओसरला. क्लॉड बटलरचा मूळ धंदा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बुडाला आणि ते नाव होल्ड्सवर्थ या दुसऱ्या सायकल कंपनीने विकत घेतलं. म्हणजे नाव एकाचं, हात दुसऱ्याचे असंही असू शकतं. वर ही स्टिकरं तेव्हा सुटी मिळायची. फ्रेम नव्याने रंगवून घेतली की रंगारी हातात असेल ते नाव चिकटवून द्यायचा. निळा रंग मूळचा नाही हे तर उघड आहे, कारण हेडसेटची, म्हणजे हँडल जिथे फिरतं तिथल्या बेअरिंगची, वाटी काढली तेव्हा तिच्या मागे लालसर किनार दिसली आणि त्या लालखाली चंदेरी. म्हणजे तीन वेळा रंगवली असावी असा माझा अंदाज.

आता अंगावरच्या खुणा.

लग, म्हणजे नळ्या जिथे जोडतात तिथले ते कोरीव जोड, नर्व्हेक्स प्रोफेशनल वाटतात. टोकदार, वेलबुट्टीसारखे. हे फ्रेंच बनावटीचे तयार लग ५०-६० च्या दशकात इंग्लंडमधल्या डझनावारी कारागिरांनी वापरले, त्यामुळे लगवरून दशक कळतं, घराणं नाही.

बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलचा आस जिथे बसतो ती, नळी ६८ मिमी रुंद. जुना कप काढून पट्टीवर आटे मोजले: इंचाला २४, आणि चेनच्या बाजूचे आटे उलटे. म्हणजे ब्रिटिश हे नक्की. इटालियन असती तर नळी ७० मिमीची आणि दोन्हीकडचे आटे सुलटे असते.

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, २७.२ मिमीचा बरोबर बसतो, हलत नाही की अडकत नाही. त्यावरून नळ्या रेनॉल्ड्स ५३१ या नावाजलेल्या हलक्या पोलादाच्या, त्याही डबल-बटेड, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ, असाव्यात असं म्हणतात. साध्या एकसारख्या जाडीच्या नळीत याहून बारीक पोस्ट लागतो. रेनॉल्ड्सचं स्टिकर कुठेच नाही. नख मारलं की नळी जी किणकिणते ना, ती मात्र घरच्या जुन्या काळ्या सायकलीसारखी अजिबात नाही!

मागचे ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचांच्या पट्ट्या, कंपान्योलो या इटालियन कंपनीचे, त्यावर तसा ठसाच आहे. दोन्हींमधलं अंतर १२० मिमी, म्हणजे पाच दातेरी चकत्यांच्या फ्रीव्हीलचा काळ. चिमट्याच्या उजव्या पायाला दिवा अडकवायची खुंटी डाख देऊन बसवली आहे.

आणि नंबर. बॉटम ब्रॅकेटच्या बुडाशी एवढी घट्ट काजळी होती की तिथे काही असेल असं वाटलंच नव्हतं. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास घासलं. मग त्यावर थोडी टाल्कम पावडर चोळून फडक्याने वरवर पुसलं, तर पांढरे आकडे उमटले: ३८१७. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसा छापही घेतला. शिक्के हाताने मारलेले दिसतात, ८ किंचित खाली घसरलाय. चिमट्याच्या दांडीवरही (फ्रेममध्ये शिरते ती) नंबर आहे, पण तो वेगळाच: ६१२०४.

ओळखायला सोपी घराणी मी आधीच बाद केली आहेत. मागच्या नळ्या सरळ आहेत, म्हणजे टॉटनहॅमच्या हेचिन्सच्या त्या प्रसिद्ध वळणदार नळ्या नाहीत. चिमट्याला बेट्ससारखा दुहेरी बाक नाही. सीटची नळी ब्रॅडफर्डच्या बेन्सच्या 'फ्लाइंग गेट'सारखी उभी नाही. (या विचित्र आकारांमागची गोष्ट मजेदार आहे. हौशी रेसर्सच्या फोटोत कंपनीचं नाव झळकलं तर ती जाहिरात ठरायची, म्हणून नाव न वाचता लांबूनच सायकल ओळखू यावी असे आकार काढले, असं सांगतात.) माझ्याकडची फ्रेम मात्र चारचौघींसारखी.

आजींकडे एक फोटो आहे, तो खाली डकवलाय. आजोबा सायकलवर, मागे दगडी भिंत. पाठीमागे पेन्सिलीने '१९५३, २५ – १.४.१२'. म्हणजे २५ मैल, १ तास ४ मिनिटं १२ सेकंद. सायकलवरचं नाव काही केल्या वाचता येत नाही.

तर प्रश्न असे: दोन नंबर वेगळे का? नंबरवरून कारागीर कळतो का? आणि जवळच्या एका दुकानदाराने "वाळूचा मारा करून पावडर कोटिंग करून देतो, नवी कोरी दिसेल" म्हटलंय, ते करावं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाच_काहीतरी:
रॅले आहे. ब्रिटिश म्हणजे रॅले. आमच्या आजोबांचीही रॅलेच होती.

दांडीवरचा:
@उगाच_काहीतरी, नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या कारखान्याचे आटे बहुतेक इंचाला २६ असायचे. जगाचे २४, यांचे २६! त्यापायी किती कप वाया गेले असतील. धागाकर्त्याने २४ मोजलेत, म्हणजे तो कारखाना बहुधा नाही. वर्कसॉपची कार्लटन ही सायकल कंपनी रॅलेने १९६० मध्ये घेतली, तिचा विचार वेगळा करावा लागेल.

आणि वाळूचा मारा? हात जोडतो, नको. मऊ कडा झिजतात, हलके मारलेले आकडे बुजतात आणि जुन्या रंगाचा जो काही पुरावा आहे तो त्या दुकानाच्या जमिनीवर पडतो. आधी ओळख, मग रंग.

फिक्स्डगिअर:
लेख वाचून आनंद झाला. मी क्रॉयडनला असतो, तीन जुन्या फ्रेम पाळल्या आहेत, बायको चौथी येऊ देत नाही.

एकेक घेतो. तीन वेळा रंगवली असेलच असं नाही. लालखाली चंदेरी असेल तर तो एकच रंग असू शकतो. तेव्हा 'फ्लॅम्बॉयंट' म्हणून प्रकार होता: खाली चंदेरी थर, वर पारदर्शक रंगीत लाख. उन्हात आतून चमकल्यासारखा दिसतो. वाटीमागची किनार उन्हात धरून बघा. लाल भाग काचेसारखा दिसला तर मूळ रंग सापडला समजा.

दोन नंबर वेगळे म्हणजे चिमटा मागाहून आलाय. ज्यांना नंबर घालायची सवय होती ते कारागीर सहसा फ्रेम आणि चिमट्याच्या दांडीवर एकच नंबर मारायचे. रेसमध्ये किंवा अपघातात पहिला मार चिमट्यालाच बसतो, त्यामुळे बदललेला चिमटा ही नवलाची गोष्ट नाही. पण याचा अर्थ असा की चिमट्यावरून फ्रेमचं घराणं ठरवू नका. दिव्याची खुंटीही त्यातच गेली.

आता मुख्य मुद्दा, आणि हा तुम्हाला आवडणार नाही. तुमचा फोटो मोठा करून पाहिला. त्यातल्या सायकलला मागे कंपान्योलोचे ड्रॉपआउट नाहीत. चाकाचा आस मागे उघडणाऱ्या खाचेत आहे, ट्रॅकच्या सायकलीसारखा. गिअरही नाही, एकच चकती. ही 'रोड-पाथ' फ्रेम आहे. त्या काळच्या क्लबच्या पोरांकडे एकच सायकल असायची. तीच रोज कामावर, तीच रविवारी पहाटे टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध मारायची रेस), तीच ट्रॅकवर. रेसची हलकी चाकं पुढच्या आसाला लावलेल्या दोन पट्ट्यांवर उभी बांधायची, साध्या चाकांवर रेसच्या जागी पोचायचं, तिथे चाकं बदलायची, रेस मारायची आणि पुन्हा घरी.

तेव्हा एक तर तुमची फ्रेम आणि फोटोतली सायकल वेगळ्या, नाहीतर खाचा कापून ड्रॉपआउट मागाहून बसवलेत. ५० च्या दशकात डिरेलर गिअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे) रुळले तसं अनेकांनी हे करून घेतलं. ठरवायचं कसं? ड्रॉपआउट जिथे नळीत शिरतात तिथला डाख बघा. बाकी लगांच्या कडेला जी सफाई आहे ती तिथे आहे का? आणि फोटोत पंप कुठे आहे ते बघा.

धागाकर्ता:
@फिक्स्डगिअर, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, पण मुद्दा सोळा आणे खरा. भिंगातून बघितलं, खाच मागेच उघडते. मी फोटोत फक्त आजोबांचा चेहरा आणि नाव शोधत बसलो होतो.

आता ताजी खबर. आधी रंग: वाटीमागची किनार खिडकीत धरली, लाल भाग अगदी डाळिंबाच्या दाण्यासारखा. म्हणजे निळा आणि फ्लॅम्बॉयंट लाल, दोनच रंग.

मग डाख. बाकी फ्रेमवर लगांच्या कडा अशा घासल्यात की नखाला धार लागत नाही. ड्रॉपआउटपाशी मात्र पितळ गुठळीसारखं जमलंय आणि एका बाजूला कानस मारायची राहून गेलीये. हात वेगळा आहे हे माझ्यासारख्यालाही कळतं.

आणि पंप! फोटोत पंप सीटच्या नळीला समांतर, पुढच्या बाजूने उभा लावलाय. माझ्या फ्रेमवर तिथे काहीच नाही असं मी धरून चाललो होतो. काल रात्री दिवा बंद करून नुसता अंगठा फिरवला. वरून साधारण चार बोटांवर एक उंचवटा लागला, तांदळाच्या दाण्याएवढा. खाली बॉटम ब्रॅकेटच्या जरा वर दुसरा. पंपाच्या खुंट्या कापून, घासून, त्यावर निळा रंग मारलेला. फोटोत चाकाचा व्यास धरून त्रैराशिक मांडलं, दोन खुंट्यांमधलं अंतर माझ्या मापाशी बोटभराच्या फरकाने जुळतं.

दांडीवरचा:
वा! म्हणजे तीच?

फिक्स्डगिअर:
'तीच' म्हणायला मी अजून एक गोष्ट मागेन: फोटोतल्या सीट लगची टोकं आणि तुमच्या लगची टोकं शेजारी-शेजारी ठेवून दाखवा. पण माझं मत तुमच्या बाजूने झुकलंय. कारागिराचं मात्र अजून काही ठरत नाही. चार आकडी सलग नंबर कितीतरी छोट्या कारागिरांचे होते. 'लंडनची' हेही सैल सूत्र आहे, तेव्हा लंडनमध्ये गल्लोगल्ली फ्रेम बनायच्या. जुन्या सायकलींच्या व्हेटरन-सायकल क्लबमध्ये एकेका घराण्याचा अभ्यास करणारे लोक आहेत, त्यांच्याकडे जुन्या नोंदी असतात. नंबराचा तो पेन्सिलचा छाप पाठवा, आकड्यांचं वळण दिसू दे. घसरलेला ८ फार बोलका असतो, तोच पंच त्याच हाताने मारला की पुन्हा तसाच घसरतो.

धागाकर्ता:
छाप उद्या पोस्टात टाकतो. स्टिकर मी सध्या काढलेलं नाही, खोटं असलं तरी आजोबांनीच लावलं असेल कदाचित.

आज आजींना अंगठा फिरवायला लावला. वरचा उंचवटा त्यांना लगेच सापडला, खालचा मी दाखवला. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पंप तिथून त्यांनीच काढायला लावला होता, कारण आमचं लग्न ठरल्यावर लहान पिशवी लावायची होती आणि पिशवी पंपाला अडायची." निळा रंगही तेव्हाचाच. कुठल्या दुकानात, हे आठवत नाही, पण "ते पावत्या कधी टाकत नसत" असं म्हणून माळ्याकडे बोट दाखवलं. बिस्किटांचे सात डबे आहेत. शनिवारी शिडी घेऊन जातोय.

तोवर कुणाकडे ३८०० च्या आसपास नंबर असलेली, नर्व्हेक्स लगांची लंडनची फ्रेम असेल तर कृपया बुडाचा फोटो टाका. ८ नीट दिसेल असा.